घरचा मीडिया सर्व्हर : पैसे भरण्याआधी फाइल तपासा

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा एखाद्या छोट्या डब्यावर प्लेक्स टाकायचं, त्यात आपले व्हिडिओ भरायचे आणि जगात कुठूनही मोबाइलवर बघायचे. ही सोय कित्येक वर्षं जवळजवळ फुकट होती. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने ती बंद केली. घरातल्या वायफायवर बघणं आजही मोफत आहे, पण घराबाहेरून बघायचं असेल तर कुणीतरी पैसे भरायलाच हवेत. एकतर सर्व्हरच्या मालकाने 'प्लेक्स पास' घ्यायचा, नाहीतर बघणाऱ्याने 'रिमोट वॉच पास'.

त्याच दिवसापासून दरही वाढले. अमेरिकेतला प्लेक्स पास महिन्याला ४.९९ डॉलरवरून ६.९९ वर गेला, वर्षाचा ३९.९९ वरून ६९.९९ वर आणि आयुष्यभराचा तर ११९.९९ वरून थेट २४९.९९ वर. रिमोट वॉच पास महिन्याला १.९९ डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोकूच्या टीव्ही ॲपपासून हा नियम प्रत्यक्षात लावायला सुरुवात झाली.

यावर दोन प्रतिक्रिया सगळीकडे दिसतात. एक, 'पैसे भरा आणि विषय संपवा.' दोन, 'प्लेक्स सोडा, जेलीफिन घ्या, ते फुकट आहे.' दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत एक गोष्ट सुटते. दूरच्या माणसाला व्हिडिओ अडखळत दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा ॲप नसतंच. कारण असतं ट्रान्सकोडिंग. आणि ते टाळायची किल्ली तुमच्या फाइलमध्ये आहे.

डबेवाला डबा उघडत नाही

सर्व्हर व्हिडिओ तीन पद्धतींनी पाठवू शकतो.

पहिली, डायरेक्ट प्ले. फाइल आहे तशी उचलायची आणि पाठवायची. डबेवाला जसा डबा उघडून बघत नाही, नुसता पोचवतो, तसं. सर्व्हरला कष्ट जवळपास शून्य.

दुसरी, डायरेक्ट स्ट्रीम. भाजी तीच, फक्त डबा बदलायचा. म्हणजे आतला व्हिडिओ तसाच ठेवून एमकेव्हीचा डबा काढून फोनला चालेल अशा डब्यात भरायचा. हेही काम हलकं असतं.

तिसरी, ट्रान्सकोडिंग. इथे भाजी पुन्हा शिजवावी लागते. सर्व्हर व्हिडिओची प्रत्येक फ्रेम उलगडतो, नव्या फॉरमॅटमध्ये परत बांधतो आणि मग पाठवतो. तेही चालू व्हिडिओच्या वेगाने. बघणारे तीन असतील आणि तिघांनाही रूपांतर लागत असेल, तर तीन वेळा.

हे किती जड आहे याचा अंदाज प्लेक्सच्याच मदतपानावर मिळतो. १०८०पीचा एक साधा व्हिडिओ ट्रान्सकोड करायला प्रोसेसरचा पासमार्क स्कोअर साधारण २००० हवा. 4के एचडीआर व्हिडिओ असेल तर १७०००. घरात पडलेल्या सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपकडून ही दुसरी अपेक्षा ठेवूच नका. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाची वेगळी सोय असते, तिने हे काम बरंच हलकं होतं. पण प्लेक्समध्ये ती वापरायलाही प्लेक्स पास लागतो. जेलीफिनमध्ये ती मोफत आहे.

रास्पबेरी पाय ५ वापरणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. त्या बोर्डात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. म्हणजे ट्रान्सकोडिंगचा सगळा भार थेट प्रोसेसरवर. पण डायरेक्ट प्ले? तेच छोटं बोर्ड चार-पाच जणांना आरामात फाइल पुरवू शकतं, कारण तेव्हा ते फक्त पोस्टमनचं काम करत असतं.

सोय भाड्याची असेल तर ती काढूनही घेता येते

मला ही बातमी नुसत्या दरवाढीची वाटत नाही. गेल्या दोन वर्षांतल्या आणखी दोन घटना शेजारी ठेवून बघा.

ऑगस्ट २०२४ मध्ये सिनॉलॉजी या कंपनीने आपल्या घरगुती स्टोरेज बॉक्ससाठी डीएसएम ७.२.२ हे अपडेट आणलं. त्यात त्यांचं व्हिडिओ स्टेशन हे ॲप गेलंच, शिवाय एचईव्हीसी आणि एच.२६४ सारख्या फॉरमॅटवर प्रक्रिया करायचं काम बॉक्सकडून काढून बघणाऱ्याच्या फोन-टीव्हीवर ढकललं गेलं. ज्यांनी त्या सोयीसाठी बॉक्स घेतला होता, त्यांच्याकडून ती एका अपडेटमध्ये गेली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की एचपी आणि डेल यांनी काही ऑफिस लॅपटॉपमध्ये एचईव्हीसीचा हार्डवेअर सपोर्ट बंद ठेवलाय. प्रोसेसरमध्ये ती क्षमता आहे, पण विकताना कुलूप लावलेलं. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हा पेटंटने वेढलेला फॉरमॅट आहे. तो वापरणाऱ्या उपकरणामागे कंपन्यांना परवाना शुल्क द्यावं लागतं, आणि ते शुल्क वाचवण्याकडे कंपन्यांचा कल वाढतोय.

तिन्ही घटनांचा अर्थ मला एकच दिसतो. रूपांतर करायची ताकद ही कुणाच्या तरी परवान्यावर, सबस्क्रिप्शनवर किंवा अपडेटवर अवलंबून आहे. ती उद्या महाग होऊ शकते, बंदही होऊ शकते. पण फाइलच मुळात सगळ्यांना चालेल अशी असेल, तर ती प्लेक्सवर चालेल, जेलीफिनवर चालेल, पेनड्राइव्हला लावून टीव्हीवरही चालेल.

एक गोष्ट स्पष्ट करतो. डायरेक्ट प्ले केलंत म्हणून प्लेक्सचं नवं शुल्क माफ होत नाही. घराबाहेरून बघायचे पैसे दोन्ही प्रकारांत लागतात. फायदा असा की तुम्ही प्लेक्सला बांधलेले राहत नाही. जेलीफिन हे डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला कुठलंही शुल्क नाही. फाइल सोप्या असतील तर साध्यातल्या साध्या मशीनवर ते चालतं आणि एका ॲपमधून दुसऱ्यात जाणं एका संध्याकाळचं काम होतं.

'पण गुगल फोटोज आहे की!'

हा प्रश्न हमखास येतो. गुगलची मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. ॲपलच्या स्वतःच्या आकड्यानुसार आयफोनवर 4के, ३० फ्रेम्सचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी खातो. म्हणजे १५ जीबी दीड तासातच भरली. व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो दाबून पाठवला जातो, चेहरे पुसट होतात. थोडे व्हिडिओ असतील तर गुगल फोटोज उत्तमच. पण आजोबांची एकसष्टी, ताईचं लग्न, गणपतीची वीस वर्षं असा साठा असेल तर घरच्या सर्व्हरला अर्थ आहे. मी इथे अशाच घरच्या व्हिडिओंबद्दल बोलतोय. विकत घेतलेले सिनेमे मित्रांना वाटणं हा कॉपीराइटचा वेगळा विषय आहे.

नेमकं अडतं कुठे?

सर्व्हर उगाच ट्रान्सकोड करत नाही. बघणाऱ्याचं उपकरण 'मला हे जमत नाही' म्हणतं, तेव्हा करतो. न जमणाऱ्या गोष्टी साधारण पाच.

१. व्हिडिओचा फॉरमॅट. एच.२६४ जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही आणि ब्राउझरला चालतो. एचईव्हीसी नव्या फोनना चालतो, पण ब्राउझरमध्ये गडबड होते. क्रोमने त्याला ऑक्टोबर २०२२ मध्ये, १०७ व्या आवृत्तीपासून साथ दिली, विंडोजवरच्या फायरफॉक्सने जानेवारी २०२५ मध्ये. तीही मशीनच्या हार्डवेअरमध्ये सोय असेल तरच. आणि जुन्या लग्नाच्या डीव्हीडी? त्या एमपेग-२ मध्ये असतात. ते ब्राउझरला अजिबात चालत नाही, म्हणजे ट्रान्सकोडिंग ठरलेलंच.

२. एचडीआर. आयफोन १२ पासून पुढचे फोन डॉल्बी व्हिजनमध्ये शूट करतात. साध्या स्क्रीनवर असा व्हिडिओ दाखवायचा तर रंगांचं गणित बदलावं लागतं, आणि हे ट्रान्सकोडिंगमधलं सगळ्यात जड काम.

३. आवाज. व्हिडिओ बरोबर असूनही आवाज डीटीएसमध्ये असेल तर अडतं. ब्राउझर तो वाजवत नाहीत, आणि सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलाय. सुदैवाने फक्त आवाजाचं रूपांतर हलकं असतं. एएसी स्टिरिओ सगळीकडे चालतो.

४. सबटायटल. याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. डीव्हीडी आणि ब्लू-रेमधली सबटायटल ही अक्षरं नसतात, चित्रं असतात. बऱ्याच ॲपना ती वेगळी दाखवता येत नाहीत, म्हणून सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापत बसतो. एका सबटायटलपायी अख्खा व्हिडिओ ट्रान्सकोड! एसआरटी फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, तिला हा त्रास नाही. मराठी सबटायटल असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील.

५. क्वालिटीचं सेटिंग. फाइल अगदी आदर्श असली तरी बघणाऱ्याच्या ॲपमध्ये 'घराबाहेर असताना ७२०पी, २ एमबीपीएस' असं काही निवडलेलं असेल, तर सर्व्हर फाइल छोटी करायला बसतोच. समोरच्याला ॲपचं सेटिंग उघडायला सांगा आणि रिमोट क्वालिटी 'ओरिजिनल' किंवा 'मॅक्सिमम' करायला लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

कोणतं कारण लागू आहे, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. समोरचा बघत असताना सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडा. प्लेक्स तिथे डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोड हे व्हिडिओ आणि आवाजासाठी वेगवेगळं दाखवतो. जेलीफिन तर कारणही लिहितो, म्हणजे डबा चालत नाही, आवाजाचा फॉरमॅट चालत नाही, की बिटरेट जास्त आहे.

डेटा पॅकचं गणित

डायरेक्ट प्लेची एक किंमत आहे. फाइल जितकी जाड, तितकाच डेटा जातो. लक्षात ठेवायला सोपं सूत्र, १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी.

वरचा मिनिटाला १७० एमबीचा आयफोन व्हिडिओ घ्या. तो होतो जवळपास २३ एमबीपीएस, तासाला १० जीबीच्या वर. होस्टेलवर बसलेल्या बहिणीचा रोजचा २ जीबीचा पॅक बारा मिनिटांत खलास. तोच व्हिडिओ १०८०पीत ६ एमबीपीएसला आणला तर तासाला २.७ जीबी. ७२०पीत २ एमबीपीएसला आणला तर तासाला ९०० एमबी, म्हणजे रोजच्या २ जीबीत दोन तास बसतात. फोनच्या सहा इंची स्क्रीनवर हे पुरेसं आहे.

दुसरी बाजू घरच्या अपलोडची. आपण प्लॅन घेताना डाउनलोडचा आकडा बघतो, पण सर्व्हरसाठी अपलोड महत्त्वाचा. ३० एमबीपीएस अपलोड असेल तर ६ एमबीपीएसचे तीन प्रेक्षक मिळून १८ लागतात, आरामात चालतं. मूळ २३ एमबीपीएसच्या फाइलवर मात्र एकच जण बसतो, दुसरा आला की दोघांचंही चक्र फिरत राहतं. वायरलेस ब्रॉडबँड असेल तर स्पीड टेस्ट करून अपलोड नक्की बघा, तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असू शकतो.

आपल्याकडची खास अडचण : सीजीनॅट

भारतात बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवते, याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटवर पत्ता आहे, पण फ्लॅट नंबर कुणाला माहीत नाही, असं काहीसं. बाहेरून येणारा फोन तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

अशा वेळी प्लेक्स स्वतःच्या रिलेमधून व्हिडिओ वळवतो. पण या रिलेला वेगाची मर्यादा आहे, अगदी प्लेक्स पास असला तरी २ एमबीपीएस. ६ एमबीपीएसची फाइल त्यातून जाणार नाही, म्हणून सर्व्हर ती ट्रान्सकोड करतो. म्हणजे फाइल बरोबर, फोन बरोबर, सेटिंग बरोबर, पैसेही भरलेले, आणि तरीही चित्र धूसर. डॅशबोर्डवर किंवा ॲपमध्ये 'रिले' किंवा 'इनडायरेक्ट' असं दिसलं तर कारण हेच.

उपाय तीन. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं, त्याला बहुतेक वेळा जादा पैसे पडतात. आयपीव्ही६ वापरणं, ते दोन्ही बाजूंना चालू असेल तर सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही. किंवा टेलस्केलसारखं ॲप सर्व्हरवर आणि बघणाऱ्याच्या फोनवर टाकणं. त्याने दोन्ही उपकरणं एकाच खासगी नेटवर्कवर आल्यासारखी वागतात, आणि वैयक्तिक वापरासाठी ते मोफत आहे. माझ्या मते जेलीफिन अधिक टेलस्केल ही जोडी विद्यार्थ्यांच्या खिशाला सगळ्यात परवडणारी आहे. राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर सगळ्या जगासमोर ठेवण्यापेक्षा सुरक्षितही.

एकदाच करायचं काम

आता मुख्य उपाय. रोज प्रत्येकासाठी नव्याने शिजवण्यापेक्षा एकदाच शिजवून ठेवा. रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर कामाला लावा. यात घाई नसते. एका व्हिडिओला तीन तास लागले तरी बिघडत नाही, कारण समोर कुणी वाट बघत बसलेलं नाही. ट्रान्सकोडिंग तेच, पण सवडीने केलेलं, आणि म्हणून कमी जागेत जास्त चांगलं चित्र मिळतं.

हँडब्रेकमध्ये 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडा. त्यात डबा एमपी४ आणि व्हिडिओ एच.२६४ असतो. क्वालिटीचा आरएफ आकडा २० ते २२ च्या मध्ये ठेवा, आवाज एएसी स्टिरिओ करा आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर टिक करा. या शेवटच्या टिकमुळे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि व्हिडिओ लवकर सुरू होतो. डीव्हीडीचं चित्र असेल तर डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात. सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये, व्हिडिओच्याच नावाने ठेवा.

व्हिडिओ आधीच एच.२६४ मध्ये असेल आणि फक्त डबा एमकेव्ही असेल, तर पुन्हा शिजवू नका. लॉसलेसकटसारख्या सॉफ्टवेअरने नुसता डबा बदला. काही मिनिटांत होतं आणि क्वालिटी कणभरही कमी होत नाही.

मोबाइल डेटावर बघणारे असतील तर ७२०पीची दुसरी प्रत करा. जेलीफिनमध्ये एकाच फोल्डरमध्ये, मूळ नावापुढे डॅश देऊन '७२०पी' असं इंग्रजीत जोडलं की दोन्ही प्रती एकाच नावाखाली दिसतात आणि बघणारा हवी ती निवडतो.

आणि मूळ फाइल पुसू नका. प्रत्येक रूपांतरात थोडी क्वालिटी जातेच, आणि गेलेली परत येत नाही. मूळ प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, सर्व्हरवर ठेवा ती वाटायची प्रत.

पुढच्या शूटिंगसाठी एक सेटिंग. आयफोनवर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडा आणि एचडीआर व्हिडिओ बंद करा. अँड्रॉइडच्या कॅमेऱ्यातही एच.२६४ किंवा एचईव्हीसी असा पर्याय बऱ्याच फोनमध्ये असतो. फाइल मोठी होते, पण पुढचं अर्धं काम वाचतं.

ट्रान्सकोडिंग वाईटच का?

नाही. काकांचं नेट गावाकडे १ एमबीपीएसवर रेंगाळत असेल तर फाइल छोटी करून पाठवणं हाच मार्ग आहे. साठा हजारो फाइलींचा असेल, सगळं बदलत बसायला वेळ नसेल, तर क्विक सिंक असलेली छोटी मशीन घेणं शहाणपणाचं. जागेचंही बघावं लागतं. एचईव्हीसी साधारण तितक्याच क्वालिटीला एच.२६४ पेक्षा बरीच कमी जागा घेतो. तुमचे सगळे प्रेक्षक नव्या फोनवरच्या ॲपमधून बघणार असतील तर एचईव्हीसी तसाच राहू द्या.

म्हणून सुरुवात प्रेक्षकांपासून करा. कोण, कशावर आणि कोणत्या नेटवर बघणार याची चार ओळींची यादी करा. त्यातलं सगळ्यात कमकुवत उपकरण ठरवेल की फाइल कशी हवी. मग एकच व्हिडिओ बदलून बघा, त्या माणसाला लावायला सांगा आणि तुम्ही डॅशबोर्ड बघा. 'डायरेक्ट प्ले' दिसलं तर बाकीचे व्हिडिओ त्याच सेटिंगने रात्री लावून द्या. प्लेक्सला पैसे द्यायचे की नाहीत, हे त्यानंतर ठरवा. तेव्हा तुम्हाला नक्की माहीत असेल की पैसे कशाचे देताय.